कव्हर बँडसाठी १८ इंची सब, दोन सीझन वापरल्यानंतर

ज्यांना लांबलचक वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो. गोव्यात लग्नं, शॅक (किनाऱ्यावरची झोपडीवजा हॉटेलं), हॉटेलं आणि चतुर्थीत मंडळांचे ऑर्केस्ट्रा असं मिळेल ते सगळं वाजवणारा पाच-सहा जणांचा बँड असेल तर एकसारखे दोन १८ इंची पॉवर्ड सब (फक्त खालचा बास देणाऱ्या, आत ॲम्प्लिफायर असलेल्या स्पीकरच्या पेट्या) घ्या, कार्डिओइड मोडवाले (मागे जाणारा बास दाबणारे) घ्या, आणि पेटीवर छापलेला वॅटचा आकडा विसरून जा. आम्ही क्यूएससीचे केएस११८ घेतले, वर टॉप, म्हणजे बाकीचा आवाज देणारे स्पीकर, आधीपासून होते तेच के१२.२. दोन सीझन झाले, मधला पूर्ण पावसाळा पण गेला, म्हणून आता लिहितोय, कारण नवीन पेटी पहिल्या महिन्यात सगळ्यांनाच भारी वाटते.

आमचा बँड डिचोलीचा. ड्रम्स, पाच तारांचा बेस, गिटार, कीबोर्ड (मी, आणि मिक्सर पण माझ्याच गळ्यात) आणि दोन गायक. गाणी म्हणाल तर किशोर-आशापासून आत्ताच्या पंजाबी डान्स नंबरपर्यंत, मध्ये कोंकणी मसाला, आणि टेबलावर दोन बाटल्या झाल्या की कोणीतरी मराठी लावणी मागतोच. हे सांगायचं कारण असं की सब निवडताना आपण काय वाजवतो हे आधी बघायला लागतं. जुन्या गाण्यांची किक ६०-७० हर्ट्झच्या आसपास ठोकते, तेवढं चांगला १२ इंची टॉप पण थोडंफार देतो. पण हल्लीच्या डान्स नंबरमधला सिंथ बेस ४०-५० वर बसलेला असतो आणि तो नसला की पोरं नाचायला उठत नाहीत. बेस गिटारची खालची ई म्हणजे ४१ हर्ट्झ. पाचवी तार बी, ती ३१. आता ३१ खरोखर ऐकवणारी पेटी उचलायला क्रेन लागेल, त्यामुळे तो नाद आम्ही सोडला, त्या बीचा ६२ वाला हार्मोनिक (दुप्पट वरचा सूर) नीट आला की कानाला खालचा सूर आपोआप ऐकू आल्यासारखा वाटतो. थोडक्यात ४० पर्यंत स्वच्छ जाणारा सब मिळाला की आपलं काम झालं, आणि हे केएस११८ तिथपर्यंत व्यवस्थित जातात.

घ्यायच्या आधी यामाहाचा डीएक्सएस१५ मार्क टू, जेबीएलचा पीआरएक्स८१८ सेकंडहँडमध्ये, आरसीएफचा ८००३ हे सगळे डोक्यात होते. यातलं कुठलंच वाईट नाही. १५ की १८ यावर आमच्यात बरीच भांडणं झाली. ड्रमर १५ च्या बाजूने, कारण किक जास्त टणक वाटते म्हणे, बेसिस्ट १८ च्या. मला विचाराल तर टणकपणा स्पीकरच्या शंकूच्या इंचांपेक्षा पेटीचं ट्युनिंग, क्रॉसओव्हर (ज्या हर्ट्झखालचा आवाज सबला आणि वरचा टॉपला जातो तो आकडा) आणि टॉपशी जुळणी यावर जास्त ठरतो. १८ चा फायदा उघड्यावर कळतो. हॉलमध्ये भिंती, छप्पर, कोपरे सगळे बासला मदत करतात, समुद्रावर मदतीला कोण? पुढे पाणी, वर आभाळ, आणि अंतर दुप्पट झालं की सरळ ६ डेसिबल गेले. आमचे निम्मे गिग पेडणे-बार्देशच्या किनाऱ्यावर, त्यामुळे १८.

वॅटचं बोलतो थोडं, कारण नवीन पोरं इथेच फसतात. केएस११८ वर ३६०० वॅट लिहिलंय, ते पीक, म्हणजे क्षणभराचे. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल, म्हणजे जेमतेम कळेल इतकं. त्यापेक्षा तसलाच दुसरा सब पहिल्याला चिकटवून ठेवा, ६ डेसिबल मिळतात. म्हणून एका महागड्या राक्षसापेक्षा बरे दोन कधीही चांगले, आणि एक बिघडला तर लग्न तरी निभावतं. दोघांच्या पैशात सेकंडहँड ऑल्टो आली असती हे माझी बायको अजून ऐकवते. किंमत मुद्दाम लिहीत नाही, प्रत्येक डीलर वेगळी सांगतो.

आता जागेचं. यावर कितीही लिहिलं तरी कमीच, कारण सब कुठला यापेक्षा तो ठेवला कुठे याने जास्त फरक पडतो. गोव्यात कुठल्याही लग्नाच्या हॉलमध्ये जा, डेकोरेटरने स्टेज असं केलेलं असतं की एक सब डावीकडे, एक उजवीकडे, टॉप वर खांबावर, दिसायला एकदम सिमेट्रिकल. दिसतं छान. पण ६० हर्ट्झची लाट जवळपास पावणेसहा मीटर लांब, त्यामुळे जिथे एका सबपासूनचं अंतर दुसऱ्यापेक्षा साधारण तीन मीटरने जास्त भरतं तिथे दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. मधोमध उभे राहाल तर छाती हलते, चार पावलं बाजूला सरका, बास गायब, अजून पुढे जा, परत आला. नवरीकडची मंडळी नेमकी त्या खड्ड्यात बसलेली असतात आणि तक्रार येते की साऊंडला दम नाही. आम्ही आता दोन्ही सब स्टेजच्या पुढे मध्यभागी चिकटवून ठेवतो. फोटोग्राफर कटकट करतो, त्याला फुलांची माळ लावून झाकून देतो. स्टेज खाली असेल, नवरा-नवरी समोरून चढणार असतील तर मग दोन्ही एकाच बाजूला, पण एकत्रच.

मध्ये ठेवल्यावर टॉपशी वेळ जुळवायला लागतो. आवाजाला एक मीटर जायला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात, तेवढा डिले, म्हणजे उशीर, पुढे असलेल्या पेटीला द्यायचा. मोजायची टेप नसेल तर माझी पद्धत अशी, किकचा लूप लावायचा, सबची पोलॅरिटी उलटी करायची (शंकू पुढे जायचा तिथे मागे जातो), मग डिले फिरवत जायचं, किक जिथे सगळ्यात फुसकी होईल तिथे थांबायचं आणि पोलॅरिटी परत सरळ करायची. पाच मिनिटांचं काम आहे, करा रे, निम्मे बँड करतच नाहीत.

मिक्सर आमचा बेहरिंगरचा एक्सआर१८. त्यातला एक ऑक्स (वेगळा आउटपुट) पूर्ण सबसाठी ठेवलाय, त्यात फक्त किक, बेस, कीबोर्डचा डावा हात आणि आधी रेकॉर्ड केलेले ट्रॅक. गायकांचे माइक सबमध्ये जातच नाहीत, त्यामुळे स्टेजवर पाय आपटल्याचा, वाऱ्याचा, माइक हातातून हातात जाताना होणारा धडधड आवाज सबमधून येत नाही. समुद्रावरच्या वाऱ्यात हे किती कामाचं ते वाजवल्यावर कळेल. क्रॉसओव्हर १०० वर. ८० वर पण करून बघितलं, पण मग टॉपना जास्त राबायला लागतं आणि मोठ्या आवाजात गायकाचा आवाज चिरकायला लागतो.

आता कार्डिओइड, ज्याच्यासाठी मी हे घेतले. एक सब प्रेक्षकांकडे तोंड करून, दुसरा मागे तोंड करून, दोघांच्या पाठीवर पुढचा-मागचा मोड निवडायचा, बाकी डिले-पोलॅरिटी ते आतल्या आत करतात. मागे जाणारा बास बराच मरतो. पुढचा जोर दोन्ही समोर ठेवण्यापेक्षा कमी होतो हे खरं, शॅकवर तेवढा पुरतो. किनाऱ्यावर आमचं स्टेज बहुतेक वस्तीकडे पाठ करून असतं, त्यामुळे बास जातो समुद्राकडे. आणि स्टेजवर जो घुमारा राहायचा तो पण गेला, मॉनिटर कमी ठेवायला लागले, ड्रमर पहिल्यांदाच म्हणाला की त्याला बेस गिटारचा सूर कळतोय. एकच पथ्य, मागच्या सबला भिंतीपासून दोनेक फूट तरी मोकळी जागा हवी, चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलात तर काही उपयोग नाही.

आवाजाच्या नियमांशी याचा थेट संबंध आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद, सरकारने सूट दिली तर वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत. जागेच्या हद्दीवर आजूबाजूच्या आवाजापेक्षा १० किंवा एकूण ७५ डेसिबल, यातलं जे कमी ती मर्यादा. पण हे डेसिबल ए-वेटेड असतात, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारा खालचा आवाज कमी धरून मोजलेले, आणि ए-वेटिंग ५० हर्ट्झला ३० डेसिबल कापून टाकतं. म्हणजे मीटरवर सगळं ठीक दिसतं आणि दोन गल्ल्या पलीकडच्या म्हाताऱ्या आजीच्या खिडकीची काच थरथरत असते. फोन ती करते, मीटर करत नाही. शॅकवाला मग धावत येतो, ‘पात्रांव, बास मातसो उणो कर रे!’ (बास जरा कमी कर रे.) फोनच्या ॲपवर ए आणि सी (हे वेटिंग खालचा आवाज फारसा कापत नाही) दोन्ही बघत चला, फोनचा माइक खालचं नीट पकडत नाही तरी तुलनेला चालतं. सी खूपच जास्त दिसला की समजायचं फोन येणार. कार्डिओइड लावायला लागल्यापासून असे निरोप खूपच कमी झालेत. मोरजीला मात्र कासवं अंडी घालायला येतात, त्या पट्ट्यात आम्ही सब गाडीतून उतरवतच नाही, गिटार आणि काहोनवर (बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) निभावतो.

वजन. एक पेटी ४७ किलो. मागे चार चाकं आहेत, हॉटेलच्या टाइल्सवर पळते, रेतीत चाकं काय करणार, दोघांनी उचलायचं आणि कमरेला सांभाळायचं. आम्ही प्लायचे दोन तुकडे बरोबर ठेवतो, रेतीवर आधी ते, त्यावर सब. थेट रेतीत ठेवला तर पेटी तिरकी बसते आणि पोर्टमधून, म्हणजे पेटीच्या हवेच्या भोकातून, रेती आत ओढली जायची भीती. बोलेरो पिकअपमध्ये सगळा सेट मावतो, व्हॅनमध्ये मावत नाही, हे भाड्याच्या हिशोबात धरा.

करंटचं म्हणाल तर सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे लाइनच्या टोकावरच्या शॅकवर व्होल्टेज पडलं तरी सब चालू, लाइट मंद. उलटं जास्त वाईट. सत्तरीत एका लग्नाला डेकोरेटरच्या जनरेटरने २४० च्या बराच वर उडी मारली, आमचा कटऑफ पडला म्हणून सगळं वाचलं. व्होल्टेज कटऑफशिवाय जनरेटरवर काहीही लावू नका, कुठल्याही कंपनीचा असो.

खारी हवा आणि पावसाळा हा वेगळाच विषय. स्क्रूंना तांबेरा येतो, आपल्याकडे दाराच्या कड्या पण गंजतात तिथे स्क्रूचं काय. किनाऱ्यावरून आलं की गोड्या पाण्याचा पिळून घेतलेला फडका, मग कोरडा, चाकांना थोडं तेल. जून ते सप्टेंबर पेट्या जमिनीपासून वर, भिंतीपासून लांब, प्लास्टिकमध्ये गुंडाळून अजिबात नाही, आत घाम धरून बुरशी येते. आठवड्यातून एकदा अर्धा तास हळू आवाजात चालवतो. ऑगस्टमध्ये एका पोर्टमधून पाल निघाली, आमचा गायक अजून त्या पेटीजवळ उभा राहत नाही.

कोणी घेऊ नयेत? दोघा-तिघांचा हॉटेल लाउंज सेट असेल तर ४७ किलो कशाला, एक १२ इंची सब किंवा कॉलम सिस्टिम बस झाली, आम्ही पण तसल्या कामाला हे नेत नाही. आणि मोठ्या मैदानावर हजार माणसांपुढे वाजवायचं असेल तर हे दोन कमीच पडतात. शिगम्याच्या एका कार्यक्रमाला आम्ही साऊंडवाल्याकडून अजून दोन भाड्याने घेतले होते, त्याचे दुसऱ्या बनावटीचे निघाले, फेज, म्हणजे दोघांच्या लाटांची वेळ, जुळवता जुळवता संध्याकाळ झाली. भाड्याने घेणार असाल तर तेच मॉडेल कोणाकडे आहे ते आधीच फोन करून विचारून ठेवा.