ओल्या हिवाळ्यात 200 किलोमीटर: पाच महिने वापरलेल्या सामानाचा अनुभव

मँचेस्टरच्या दक्षिण टोकापासून सायकलवर निघायचं, चेशर आणि श्रॉपशर या परगण्यांच्या आतल्या रस्त्यांनी नॅन्टविच, ऑडलम, वेम, एल्समियर, व्हिटचर्च असा फेरा मारायचा आणि घरी यायचं. अंतर 200 किलोमीटरच्या थोडं वर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, दर महिन्याला एकदा, आम्ही सहा जण. ऑडॅक्स यूके या लांब पल्ल्याच्या सायकल राइडच्या इथल्या संस्थेत सलग बारा महिने दर महिन्याला किमान 200 किलोमीटरची एक राइड वेळेत पूर्ण केली की 'रँडोनर राउंड द इयर' हा मान मिळतो. आमचे उन्हाळ्याचे महिने आधीच झाले होते, उरला होता हिवाळा. या पाच महिन्यांत जे सामान वापरलं त्याबद्दल लिहिते आहे. नुकत्याच इकडे आलेल्या दोन-तीन जणींनी विचारलं होतं, "हिवाळ्यात ग्रुपबरोबर जायचं तर काय काय घ्यावं?" हे मुख्यतः त्यांच्यासाठी.

मी मूळची साताऱ्याची. जुलैच्या झडीत यवतेश्वरचा घाट चढून कासला जाणं हा आमचा रविवारचा नेम होता. पुण्याला नोकरी करताना दोन बीआरएमही, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडही, केल्या. त्यामुळे पावसाची भीती नव्हती. पण सह्याद्रीतला पाऊस वीस-बावीस अंशांचा असतो. त्यात भिजलात तरी चढावर अंग तापतं आणि वर पोहोचून कांदाभजी खाल्ली की झालं. इथला डिसेंबरचा पाऊस चार अंशांचा. दिवसभर नुसती भुरभुर, आणि अंगावरचं पाणी ऊब ओढून नेतं. हवेच्या मानाने पाणी उष्णता पंचवीसेक पट वेगाने वाहून नेतं, हे शाळेत शिकलो होतो. ते बोटांना कळलं नोव्हेंबरमध्ये. दहा-अकरा तास कोरडं राहणं शक्य नाही, तेव्हा ओलं होऊनही उबदार राहता आलं पाहिजे. माझी सगळी खरेदी पुढे याच हिशोबाने झाली.

सुरुवात मडगार्डपासून करते, कारण ग्रुप राइडमध्ये तो नसेल तर बाकीचं सामान कितीही भारी असो, तुमच्या मागे कुणी सायकल चालवू शकत नाही. आमच्या ग्रुपचा नियम स्पष्ट आहे: मडगार्ड नसलेल्याने सगळ्यात मागे राहायचं. मी ऑक्टोबरच्या राइडला सीटखाली अडकवायची पट्टी लावून आले होते. तिने माझी पाठ वाचली, पण चाकावरून उडणारं पाणी सरळ मागच्याच्या तोंडावर जात होतं. ते नुसतं पाणीही नसतं. चेशर हा दुधाचा, गोठ्यांचा मुलूख आहे. ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर आला की चिखल आणि शेण सांडत जातो, आणि तेच मागच्याच्या चष्म्यावर, ओठांवर आणि पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर बसतं. त्याने पोट बिघडतं. म्हणून आता झाकणवाल्या बाटल्याच वापरते.

नोव्हेंबरच्या आधी एसकेएस कंपनीचे क्रोमोप्लास्टिक मडगार्ड बसवले, पूर्ण लांबीचे. मधे अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि दोन्ही बाजूंनी प्लास्टिक, त्यामुळे हलके आणि लवचीक. टायर 28 मिलिमीटरचे, म्हणून 35 च्या आसपास रुंदीचे मडगार्ड घेतले. बसवायला पूर्ण दुपार गेली. आधाराच्या तारा आधी मोजायच्या, मग हॅकसॉने कापायच्या, आणि कापलेल्या टोकांवर टोप्या घालायच्या, नाहीतर पोटरीला ओरखडा ठरलेला. टायर आणि मडगार्ड यांत सगळीकडे सारखी फट राहीपर्यंत मी ते चार वेळा सोडून पुन्हा आवळले. ही घाई आदल्या रात्री करू नका. नीट न बसलेला मडगार्ड 200 किलोमीटर खडखडत राहतो, आणि तो आवाज सहाही जणांना ऐकावा लागतो.

या मडगार्डची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पुढच्या तारांना असलेली सुटणारी क्लिप. ऑडलमच्या अलीकडे, कुंपण छाटून रस्त्यावर पडलेली एक फांदी माझ्या पुढच्या चाकात शिरली आणि मडगार्डखाली अडकली. टक् असा आवाज झाला, तारा क्लिपमधून निसटल्या आणि चाक फिरत राहिलं. क्लिप नसती तर मडगार्ड गुंडाळला जाऊन चाक जागच्या जागी थांबलं असतं आणि मी हँडलवरून पुढे फेकले गेले असते, मागच्या दोघांना घेऊन. उतरून फांदी काढली, क्लिप अंगठ्याने दाबून परत बसवली, दोन मिनिटांत निघालो. पुढच्या चाकाला अशी क्लिप नसलेला मडगार्ड मी कुणालाही सुचवणार नाही.

त्याच्याबरोबर येणारी झडप, म्हणजे मडगार्डच्या टोकाला खाली लोंबणारी पट्टी, मात्र ग्रुपसाठी आखूड पडते. आमच्यातले सत्तरी ओलांडलेले एक आजोबा चाळीस वर्षं या रस्त्यांवर आहेत. त्यांनी मला दुधाच्या प्लास्टिकच्या मोठ्या बाटलीची, इथे चार पाइंटची मिळते तिची, झडप कापून दाखवली. बाटलीचा कोपरा मधोमध घ्यायचा म्हणजे तिला आपोआप बाक येतो, वर दोन भोकं, दोन बोल्ट. खालची कड जमिनीपासून चार बोटं वर. इतकी खाली आली तरच मागच्याच्या तोंडापर्यंत तुषार जात नाही. माझी झडप नोव्हेंबरपासून आजवर टिकली आहे, एक पैसा खर्च नाही. पायरीवरून सायकल उतरवताना तेवढी ती दुमडली जाते, म्हणून मागचं चाक उचलून घेते.

डिसेंबरमध्ये एक बोल्ट कंपनांनी सैल होऊन पडला. झिप टायने आवळून घरी आले. आता प्रत्येक बोल्टला थ्रेडलॉकचा, म्हणजे आटे सैल होऊ न देणाऱ्या डिंकाचा, थेंब आणि पिशवीत चार झिप टाय.

आता हातमोजे. यात मी सगळ्यात जास्त चुकले, आणि याचा त्रास ग्रुपला झाला. पहिली जोडी महाग होती, जाड, आतून मऊ अस्तर, बाहेरून 'वॉटरप्रूफ'. कोरड्या थंडीत उत्तम. नोव्हेंबरमध्ये तीन तासांच्या पावसानंतर वेमला थांबलो. ब्रेव्हे कार्डवर, म्हणजे वाटेतल्या थांब्यांची नोंद होते त्या कार्डवर, शिक्का घ्यायचा होता. हातमोजा ओढला तर ओल्या बोटांबरोबर आतलं अस्तरही उलटं होऊन बाहेर आलं. कार्ड, शिक्का, चहा झाला, निघायची वेळ झाली, आणि अस्तराची बोटं काही केल्या आत जाईनात. पेन्सिलीने ढकलून पाहिली, फुंकून पाहिली. हात बधिर, जॅकेटची चेनही पकडता येईना. बाकीचे पाच जण तयार होऊन दाराबाहेर पावसात उभे. शेवटी आमच्यातली नागपूरची ताई आत आली, "अगं थांब, हात दे इकडे" म्हणाली आणि लहान मुलीला तयार करावं तसं माझी चेन लावून दिली, स्वतःचे जादा हातमोजे मला चढवले. त्या दहा मिनिटांत बाहेरचे सगळे काकडून गेले होते. पुढचे पंधरा किलोमीटर कुणाचेच दात वाजायचे थांबले नाहीत.

त्यानंतर मी निओप्रीनचे हातमोजे घेतले. त्यांना सुटं अस्तरच नसतं. पाणी आत जातं, पण जे जातं ते अंगाच्या उबेने कोमट होऊन तिथेच राहतं. हात ओला असतानाही ते घालता-काढता येतात, आणि माझ्या लेखी हाच हिवाळी हातमोज्याचा पहिला गुण. दुकानात घेताना हात नळाखाली भिजवून घालून पाहता आला तर फार बरं, नाहीतर घरी आल्याबरोबर तरी पाहा, परत करायची मुदत संपायच्या आत. कोरड्या दिवसात मात्र हे घामट होतात आणि चार राइडनंतर वास धरतात. आणि कुठलेही घ्या, दुसरी कोरडी जोडी झिपच्या पिशवीत हवीच. मी लोकरीची पातळ जोडी ठेवते. शंभराव्या किलोमीटरला कोरडी लोकर हातात चढली की माणूस पुन्हा बोलू लागतो.

जॅकेटबद्दल थोडक्यात. नवं असताना त्यावरून पाणी अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळत होतं. जानेवारीपर्यंत खांद्यांवरचं कापड पाणी प्यायला लागलं. जॅकेट खराब झालं असं वाटलं, पण चूक माझी होती: नेहमीच्या पावडरीने धूत होते. त्या साबणाचा अंश कापडात राहतो आणि वरचा पाणी झटकणारा थर निकामी होतो. वरचं कापड भिजलं की घामाची वाफ बाहेर जाणं थांबतं आणि माणूस आतून भिजतो. खास द्रावणाने धुऊन, ड्रायरमध्ये मंद उष्णतेवर फिरवल्यावर बरंचसं पूर्ववत झालं. आत लोकरीचा, मेरिनोचा, पूर्ण बाह्यांचा थर. सुती काहीही नको, बनियनसुद्धा नको.

कपड्यांची मांडणी कौलांसारखी हवी: वरचं खालच्यावर यायला पाहिजे. जॅकेटची बाही हातमोज्याच्या मनगटावर, टाइट्सची कड बुटांवरच्या निओप्रीनच्या खोळीच्या वर. मी आधी खोळ टाइट्सच्या वर ओढत होते, म्हणजे पायावरून ओघळलेलं सगळं पाणी बुटात. दुसरं पाणी खालून येतं, क्लीटच्या, म्हणजे बूट पेडलला अडकवणाऱ्या तळाच्या पट्टीच्या, भोकांतून. बुटातली गादी उचलून त्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि जानेवारीत पहिल्यांदा पायाची बोटं शेवटपर्यंत जाणवत राहिली.

बायकांसाठी एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. खांद्यावर पट्टे असलेल्या बिब टाइट्स उबदार असतात, कंबर उघडी पडत नाही. पण लघवीला जायचं तर पावसात जॅकेट, जर्सी सगळं उतरवावं लागतं, आणि परत चढवताना ते ओलं असतं. हे टाळायला मी पहिल्या दोन राइडला पाणीच कमी प्यायले, आणि दोन्ही वेळा दीडशे किलोमीटरनंतर डोकं ठणकायला लागलं. आता मागून खाली ओढता येणारी बिब घेतली आहे. पंचवीस पौंड जास्त पडले. या पाच महिन्यांतली मला सर्वात पटलेली खरेदी हीच.

टायरविषयी सांगायचं तर हिवाळ्यात इथले शेतकरी कुंपणं छाटतात. हॉथॉर्नचे काटे रस्त्यावर पसरतात. आपल्या बाभळीच्या काट्यासारखेच. शिवाय ओल्या टायरला गारगोटीचे बारीक तुकडे चिकटून आत शिरत जातात. डिसेंबरमध्ये हलक्या टायरने मला दोन पंक्चर दिली. चार अंशांत, पावसात, सहा जण रस्त्याच्या कडेला. हालचाल थांबली की पाच मिनिटांत अंगातली सगळी ऊब जाते. तेव्हापासून आम्ही ठरवलं आहे की पंक्चर झालं तर एकाने थांबून मदत करायची, बाकीच्यांनी सावकाश पुढच्या कॅफेपर्यंत जायचं. आणि मी श्वाल्बे मॅरेथॉन टायर लावले. जड आहेत, चढावर जाणवतं. जानेवारी-फेब्रुवारी मिळून एकही पंक्चर नाही. तरीही दोन ट्यूब आणि मोठा पंप बरोबर असतोच. ट्यूब बदलण्याचा सराव मी घरी हात बर्फाच्या पाण्यात बुडवून केला. ऐकायला अतिरेक वाटेल, पण डिसेंबरच्या दुसऱ्या पंक्चरला मला बावीस मिनिटं लागली होती, आणि आता आठ लागतात.

ब्रेकबद्दल एक सावधगिरी: माझ्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत. त्यातले रेझिनचे पॅड मीठ, वाळू आणि पाणी यांच्या लगद्यात दीड राइडमध्ये पत्र्यापर्यंत झिजले. व्हिटचर्चनंतरच्या उतारावर लिव्हर हँडलला टेकला तेव्हा कळलं. धातूमिश्रित पॅड घातले. किंचाळतात, पण टिकतात. निघण्याआधी पॅडची जाडी टॉर्च लावून पाहते. ओल्यात पुढच्या सायकलपासून निदान एका सायकलीएवढं अंतर, आणि "होल", "कार" या हाका एरवीपेक्षा लवकर. ताई आणि मी एकमेकींच्या मागे असलो की तोंडून "खड्डा!" निघतं, आणि आता आजोबाही "खड्डा" ओरडतात.

डिसेंबरमध्ये इथे उजेड साडेसात तासांचा. सकाळी सातला निघालो आणि साडेसहाला पोहोचलो तर चार तास अंधार. पुढे डायनॅमोचा दिवा आहे, वरून कापलेला झोत टाकणारा. मागे दोन लाल दिवे, स्थिर. लुकलुकणारा लाल दिवा मागच्याला तासभर पाहावा लागला की त्याचे डोळे दुखतात.

खाण्यात आईने पाठवलेले डिंकाचे लाडू नेले होते. तूप गोठून त्यांचा दगड होतो, दातच बसत नाही. खजूर, तीळ आणि दाण्याचं कूट एकत्र मळून केलेले रोल मऊ राहतात. ते रुमालात गुंडाळून जर्सीच्या खिशात, अंगाला लागून ठेवायचे, वेष्टन नको. संक्रांतीच्या आठवड्यातल्या राइडला एल्समियरच्या तळ्याकाठी सगळ्यांना तेच दिले.

घरी आल्यावर आंघोळीच्या आधी सायकल धुते. चेशरमध्ये विन्सफर्डला मिठाची मोठी खाण आहे, आणि बर्फाच्या भीतीने रस्त्यांवर टाकतात ते मीठ साखळीत बसलं की सकाळपर्यंत तांबूस गंज दिसतो. एक बादली कोमट पाणी, जुना ब्रश, फडकं, मग ओल्या हवेसाठीचं दाट तेल, प्रत्येक कडीला एक थेंब. एवढं करूनही एक साखळी दोन हजार किलोमीटरला संपली आणि पेडलच्या मधल्या बेअरिंगमधून आता खरखर येते. मार्चची राइड झाली की तेही बदलायचं आहे.

फेब्रुवारीत एल्समियरनंतर माझ्या मागे आजोबा होते. तासभर धो धो पाऊस. व्हिटचर्चला उतरल्यावर मी आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चष्मा स्वच्छ होता.