नेटिव्ह टायटल बरं की जमिनीची मालकी?
ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींबद्दल वाचताना या दोन गोष्टींची हमखास सरमिसळ होते. नेटिव्ह टायटल म्हणजे आदिवासींचा आपल्या जमिनीवरचा पारंपरिक हक्क, तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या माबो निकालाने आणि १९९३ च्या कायद्याने मान्य झाला, यात शिकार, मुक्काम, विधी करायचा हक्क मिळतो पण नॅशनल पार्क बहुतेकदा सरकारच्याच ताब्यात राहतं.

मध्य ऑस्ट्रेलियातला प्रचंड खडक उलुरू, त्याचं वेगळं, तिथे १९८५ ला जमीनच अनंगू लोकांच्या नावावर झाली, मग त्यांनी ती ९९ वर्षांच्या लीजवर पार्कसाठी दिली, पार्क चालवणाऱ्या बोर्डात बहुमत त्यांचं, म्हणून तर २०१९ ला त्या पवित्र खडकावर चढणं कायमचं बंद झालं, चढताना धरायची साखळीसुद्धा उपटून काढली! मला तरी मालकीच खरी वाटते. क्वीन्सलंडमधल्या डेनट्री या वर्षावनात कुकू यालंजी लोकांना नेटिव्ह टायटल २००७ लाच मिळालेलं, पार्कची मालकी मिळायला मात्र २०२१ उजाडलं.