'टिकाऊ' म्हणून माझ्या गळ्यात मारलेला सहा वर्षांचा टायर

मार्च २०२३ मध्ये मी माझ्या निंजा १००० या मोठ्या मोटरसायकलला टायरची नवी जोडी घातली. त्यातला मागचा टायर साडेसहा वर्षांपूर्वी बनलेला होता. हे मला कळलं जुलैत, चोर्ल्याच्या रस्त्यावर बायको मागे बसलेली असताना गाडी घसरल्यावर. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात आता मोठ्या गाड्या बऱ्याच दिसतात आणि टायरसाठी सगळ्यांचीच धावपळ होते, म्हणून जे झालं ते सगळं लिहितो.

गाडीबरोबर आलेले स्पोर्ट टायर सहा हजार किलोमीटरच्या आत संपले होते. माझी बरीचशी धाव पुणे-बंगळूर महामार्गावर होते. सरळ रस्त्यावर टायरचा मधला पट्टा झिजून सपाट होतो आणि कडा कोऱ्या राहतात. म्हणून या वेळी टूरिंग टायरच, म्हणजे लांबच्या प्रवासासाठीचा टायर, घ्यायचा असं ठरवलं होतं. मिशेलिनचा रोड ५, मेट्झेलरचा रोडटेक ०१, पिरेलीचा एंजेल जीटी २ हे या वर्गातले. या वर्गातल्या बहुतेक मागच्या टायरमध्ये मधलं रबर कडक असतं, त्यामुळे ते जास्त चालतं. कडांचं रबर मऊ असतं, ते वळणावर धरून ठेवतं. रबरात सिलिका असल्यामुळे ओल्या, थंड रस्त्यावरही पकड मिळते. टिकाऊपणा हवा होता तो असा.

पण माझ्या मागच्या चाकाला १९०/५० झेडआर १७ हे माप लागतं आणि बेळगावात ते कुणी सहसा स्टॉकला ठेवत नाही. पुण्याहून किंवा बंगळूरहून मागवायचं, मग बसवायला आणि बॅलन्सिंगला माणूस शोधायचा. जून २०२० मध्ये सरकारने परदेशी टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हापासून तर महिनोन् महिने वाट बघणारी माणसं मी पाहिलीत. अशा वेळी कुणी "माल हातात आहे" म्हणाला की माणूस विरघळतो. मीही विरघळलो.

दुकान सीमेपलीकडे, महाराष्ट्र हद्दीत, महामार्गालगत. मित्राच्या मित्राने सुचवलेलं. मालकाने चहा मागवला, आपल्याच बोलीत गप्पा मारल्या. खरं सांगतो, बेळगावचा माणूस पलीकडे गेला आणि समोरचा आपुलकीने मराठीत बोलला, की त्याचा अर्धा सावधपणा तिथेच गळतो. मी म्हटलं, "मामा, मला जास्त चालणारा टायर हवाय." तो म्हणाला, "मग ह्योच घ्या की. कडक माल हाय, पंधरा हजार किलोमीटर कुठं जात नाही."

बनल्याची तारीख बघायची असते एवढं मला ठाऊक होतं. टायरच्या बगलेवर डीओटी अक्षरांपासून सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मी विचारल्यावर त्याने पुढचा टायर उचलून बोट ठेवून दाखवलं: ३६२२. म्हणजे २०२२ चा छत्तिसावा आठवडा, जेमतेम सहा महिन्यांचा माल. माझं समाधान झालं. मागचा टायर आतून आणायला पोराला पाठवला आणि मला म्हणाला, "उन्हात कशाला उभं राहताय, समोर भजी चांगली मिळत्यात." मी परत आलो तेव्हा चाक टायरसकट गाडीला लागलेलं होतं.

जोडीचे एकतीस हजार झाले. पक्कं बिल घेतलं तर टॅक्सचे वरचे पडतील म्हणाला, म्हणून मी कच्च्या पावतीवर राजी झालो. पावतीवर एवढंच, 'टायर १ जोडी'. माप नाही, कंपनी नाही, तारखेचे आकडे नाहीत. पैसे यूपीआयने गेले, तेही दुकानाच्या नावावर नाही, कुणा व्यक्तीच्या खात्यावर.

पहिले तीन हजार किलोमीटर मी खूश होतो. मागचा टायर झिजतच नव्हता. खाचा जशाच्या तशा, झिजेची खूण खूप खोल. मित्रांना मी कौतुकाने दाखवायचो. तेच खरं तर घात झाल्याचं लक्षण होतं. रबर जुनं झालं की वाळतं, कडक होतं. कडक रबर कमी झिजतं, पण रस्त्याला धरत नाही. कोरड्या, तापलेल्या महामार्गावर सरळ जाताना हे जाणवत नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं जांबोटीमार्गे गोव्याला निघालो. कणकुंबीच्या पुढे संततधार लागली होती. वेग फार तर चाळीस. एका डाव्या वळणावर, अगदी हळू थ्रॉटल उघडताना, मागचं चाक बाजूला सरकलं. ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा फडफडला, गाडी क्षणभर सावरली आणि पुन्हा सरकली. सव्वादोनशे किलोंच्या वरची गाडी आडवी होत असताना बायकोच्या दोन्ही हातांची पकड माझ्या पोटाला रुतलेली मला आजही जाणवते. आम्ही रस्त्याकडेच्या चिखलात पडलो. तिचं मनगट मुरगळलं, माझा गुडघा सोलला. मागून ट्रक नव्हता.

मी दोष स्वतःला दिला, रस्त्यावर आलेल्या लाल मातीला दिला. घरी येऊन हवा तपासली, थंड टायरला मागे ४२ पीएसआय, बरोबर. मग गाडी स्टँडवर चढवून चेन साफ करायला बसलो. चेनचं तेल उडून टायरची डावी बगल काळी झाली होती. फडक्याने पुसता पुसता आकडे वर आले: ४११६. २०१६ चा एक्केचाळिसावा आठवडा. तारखेसह पूर्ण ओळ सहसा टायरच्या एकाच बगलेवर असते. फिरण्याच्या दिशेचा बाण पाळून टायर बसवला की माझ्या चाकाला ती बगल नेमकी चेनकडे येते. चार महिने ती माझ्या नजरेला पडली नव्हती.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझा एक मित्र रबरी सील बनवतो. त्याच्याकडे कडकपणा मोजायचं शोअर ए मीटर आहे. आम्ही दोन्ही टायर मोजले. आकडा जितका मोठा तितकं रबर कडक. पुढचा ६२ भरला, मागचा ७९. मागच्या टायरच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगाही होत्या, भिंगाखाली स्पष्ट दिसणाऱ्या. मित्राने सांगितलं ते माझ्या डोक्यात बसलं. रबरात भेगांपासून वाचवणारी मेणासारखी द्रव्यं असतात, टायर फिरत राहिला तर ती पृष्ठभागावर येत राहतात. नुसता पडून राहिलेला टायर तसाच वाळतो. त्यातून तो पत्र्याच्या शेडखाली, कॉम्प्रेसरच्या मोटारीशेजारी असेल तर उष्णता आणि मोटारीतून निघणारा ओझोन रबर आणखी खातो. त्या दुकानात टायरची चळत नेमकी कॉम्प्रेसरला लागून होती.

टायर बनवणाऱ्या कंपनीबद्दल माझी काही तक्रार नाही. वर्ष-दीड वर्ष सावलीत नीट ठेवलेला टायर मी आजही घेईन, पण तारीख सांगून दिलेला, आणि त्या किमतीत.

दुकानात गेलो तर मालक म्हणाला, "टायरला कुठं एक्स्पायरी असत्या? दूध हाय काय ते?" मी आकडे दाखवले. तो म्हणाला, हा टायर आमच्याकडचाच कशावरून? पावतीवर काहीच नव्हतं, मी गप्प झालो. शेवटी म्हणाला, "तुम्ही कर्नाटकातले, हिकडं येऊन तक्रार करणार काय?"

हे त्याचं चुकलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे माझ्यासाठी बेळगावातच. घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. आधी मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. यूपीआयची नोंद, पावतीचा फोटो, आकड्यांचे फोटो, डॉक्टरचा कागद असं सगळं जोडायला तिथे सांगितलं. पक्कं बिल असतं तर काम कितीतरी सोपं होतं. त्यावर गाडीचा नंबर, टायरचं माप आणि ते चार आकडे लिहून घ्यायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. आता मी चाकावर टायर चढण्याआधीच दोन्ही टायरच्या आकड्यांचा फोटो काढतो, आयएसआयची खूण बघतो आणि काम संपेपर्यंत तिथून हलत नाही.

माझ्या तक्रारीची नोटीस पोचल्यावर दुकानातून फोन आला. चार हजार देतो, जुना टायर परत आणून द्या, मिटवून टाकू. मी विचारलं, त्या टायरचं तुम्ही काय करणार? उत्तर आलं नाही. त्याच संध्याकाळी आकड्यांचा भाग पुराव्यासाठी कापून ठेवला आणि उद्यमबागेत मित्राच्या ग्राइंडरवर उरलेल्या टायरचे तीन तुकडे केले.