कुर्ल्यातील ऑटो इलेक्ट्रिशियन: पंखा बदलण्याआधी वायर तपासली

माझी बारा वर्षे जुनी पेट्रोल गाडी गेल्या एप्रिलपासून साकीनाक्याच्या सिग्नलला तापू लागली. पूर्व द्रुतगती महामार्गावर तापमानाचा काटा मधोमध स्थिर असे. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या कोंडीत अडकले की तो दहा मिनिटांत वर चढे आणि गाडीने वेग घेतला की आपोआप खाली येई. नेहमीच्या गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट आणि कूलंट बदलून झाले, तरी आठवड्याभरात तक्रार परतली, तेव्हा हेड गॅस्केटची (इंजिनच्या दोन भागांमधल्या, वायू आणि पाणी अडवणाऱ्या पातळ पट्टीची) शंका काढून इंजिन उघडण्याचा सल्ला मिळाला. रेडिएटरचा पंखा फिरताना दिसत होता, म्हणून त्याकडे कोणीच वळले नाही. दुसरे मत घ्यावे म्हणून मी कुर्ला पश्चिमेला, सीएसटी रोडलगतच्या गल्लीतील एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो.

त्यांनी बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला, “साहेब, ताशी ऐंशीच्या वेगातही गरम होते का?” मी नाही म्हणताच त्यांनी रोख पंख्याकडे वळवला, कारण वेगात समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो, गाडी उभी असताना मात्र सगळी भिस्त पंख्यावर असते. एसी बंद ठेवून त्यांनी इंजिनचे तापमान दाखवणारा स्कॅनर जोडला. ९८ अंशांना पंखा सुरू झाला, म्हणजे तापमान ओळखणारा सेन्सर आणि पंख्याची वीज चालू-बंद करणारा रिले यांचे काम चोख होते, तरीही आकडा १०४ पर्यंत चढत गेला.

यानंतरची दहा मिनिटे मला सर्वांत मोलाची वाटतात. पंखा चालू असतानाच त्यांनी मल्टिमीटर लावला: बॅटरीवर १४.१ व्होल्ट, पंख्याच्या कनेक्टरवर फक्त ९.६. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी पंख्याच्या अर्थिंगच्या वायरवर टेकवून त्यांनी मला जवळ बोलावले. जिथे जेमतेम शून्याच्या आसपास आकडा दिसायला हवा, तिथे ३.९ व्होल्ट दिसत होता, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेतच एवढे व्होल्ट वाया जात होते. हेडलाइटखाली बॉडीला कसलेला अर्थिंगचा बोल्ट त्यांनी सोडवला, तर वायरच्या टोकाची रिंग हिरव्या कळंकाने पूर्ण माखलेली होती. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत आणि पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी नेताना त्या जागेचे काय होत असेल, हे मी तोवर कधी पाहिलेच नव्हते. पंखा फिरत होता खरा, पण पुरेशी वीज न मिळाल्याने मंद फिरत होता.

जागा घासून, नवी रिंग दाबून बसवून, वर ग्रीस लावल्यावर कनेक्टरवर १३.६ व्होल्ट आले आणि पंख्याचा आवाजच बदलला. तापमान ९३ पर्यंत उतरले आणि पंखा थांबला. गाडी चाळीस मिनिटे थंड होऊ दिल्यावरच त्यांनी रेडिएटरचे झाकण उघडले. तापलेल्या गाडीचे झाकण उघडले तर दाबाखालचे उकळते पाणी अंगावर उसळते, हे त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ मुलालाही बजावले. गॅस्केट फुटले तर इंजिनातला वायू पाण्यात शिरतो, म्हणून इंजिन पुन्हा सुरू करून पाण्यात बुडबुडे येत नाहीत ना, हे पाहून गॅस्केटची शंका त्यांनी बाजूला सारली. झाकणाचे रबर कडक झाले होते, ते मात्र बदलले, कारण दाब टिकला नाही तर कूलंट लवकर उकळते.

मजुरी ७५० रुपये, झाकण २८० रुपये. उणिवा आहेतच: छापील बिल मिळत नाही, गल्लीत गाडी लावणे कठीण आहे आणि वेळ न ठरवता गेल्यास दोन तास सहज मोडतात. छापील बिल त्यांनी जरूर द्यावे, एवढे काटेकोर काम कागदावर राहायला हवे.

त्यांच्याच सांगण्यावरून ऑक्टोबरमध्ये, पावसाळा सरल्यावर, मी तो बोल्ट उघडून दाखवायला गेलो. ग्रीस जागच्या जागी होते, मीटरवर अर्थिंगच्या बाजूला ०.१ व्होल्ट दिसला आणि तपासणीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.