घरात तंगडी वर करणारा छोटा कुत्रा: ऑपरेशन, बेली बँड की शिकवणी?

पॉमेरियन, शिह त्झू, डॅशहाउंड, पग, नाहीतर त्यांची कुठलीतरी सरमिसळ. वय दोन-तीन वर्षं. खाली फिरवून आणलं, सगळं व्यवस्थित उरकलं, आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या सोफ्याच्या पायावर एक पिचकारी. असा गडी घरात असला की सल्ल्यांना तोटा नसतो. डॉक्टर म्हणतात नसबंदीचं ऑपरेशन करून टाका. पेट शॉपवाला बेली बँड, म्हणजे पोटाला बांधायचा पट्टा, काढून दाखवतो. शेजारच्या काकू सांगतात, नाक घासा त्याचं त्यात, परत नाही करणार. काकूंचा सल्ला इथेच बाद करू. नाक घासल्याने कुत्र्याला एवढंच कळतं की यांच्यादेखत करायचं नाही. मग तो पडद्यामागे जाऊन करतो आणि तुम्हाला दोन दिवसांनी वासावरून पत्ता लागतो.

खर्च करण्याआधी हे मार्किंगच, म्हणजे लघवीने आपली हद्द आखणंच, आहे ना, ते बघा. मार्किंगमध्ये लघवी थोडीशी असते आणि बहुतेकदा उभ्या वस्तूवर असते: दिवाणाचा पाय, कपाटाची कड, दाराची चौकट, गॅस सिलिंडर, पाहुण्यांनी दाराशी ठेवलेली बॅग. खोलीच्या मधोमध थारोळं असेल, कुत्रा अचानक जास्त पाणी पीत असेल, कुंथत असेल, लघवीत रक्त दिसत असेल, किंवा आजवर नीट असलेला कुत्रा एकाएकी बिघडला असेल, तर ही हद्द आखण्याची भानगड नसून मूत्रमार्गाचा संसर्ग, खडा, मधुमेह, किडनी असं काहीही असू शकतं. नसबंदी न झालेल्या वयस्कर नरात प्रोस्टेटही. म्हणून पहिला खर्च लघवीच्या तपासणीचा. बाकी सगळ्याच्या मानाने तो स्वस्त पडतो.

आता ऑपरेशन. नर असेल आणि नसबंदी झालेली नसेल, तर सगळ्यांत जास्त फरक पडण्याची शक्यता यातच आहे. पण ‘ऑपरेशन केलं की थांबतं’ हे वाक्य जितक्या सहज सांगितलं जातं तितकं खरं नाही. अमेरिकेत डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी १९९७ मध्ये ५७ नर कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मार्किंगसारख्या सवयी ६० टक्के किंवा त्याहून जास्त कुत्र्यांत निम्म्याने तरी कमी झाल्या. जवळजवळ बंद झाल्या त्या मात्र २५ ते ४० टक्के कुत्र्यांतच. त्यातली दिलाशाची बाब अशी की कुत्र्याचं वय किती आणि सवय किती जुनी, याचा निकालाशी संबंध दिसला नाही. त्यामुळे ‘आता पाच वर्षांचा झाला, काय उपयोग’ म्हणून हा पर्याय सोडू नका.

फरक दिसायला काही आठवडे जातात. तोवर, आणि नंतरचाही थोडा काळ, माजावर आलेल्या मादीपासून त्याला लांबच ठेवा. ऑपरेशननंतर लगेच तो निर्बीज होत नाही. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या जातींना भूल देताना जास्त काळजी लागते, तेव्हा आधी रक्त तपासणारे आणि भुलेखाली श्वासावर लक्ष ठेवायची सोय असलेले डॉक्टर निवडा, दोन पैसे जास्त गेले तरी. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, जुन्या मुंबईकरांचं बैलघोडा हॉस्पिटल, अनेकांना परवडतं. इतर शहरांत पशुवैद्यकीय महाविद्यालय असेल तर आधी तिथे चौकशी करा.

कुत्रा मुळात भित्रा असेल, फटाक्यांना किंवा अनोळखी माणसांना बिचकून मार्किंग करत असेल, तर ऑपरेशनकडून फार आशा ठेवू नका. त्याच अभ्यासात भीतीवर नसबंदीचा लक्षणीय परिणाम आढळला नव्हता.

बेली बँड म्हणजे नराच्या पोटाभोवती गुंडाळायचा वेल्क्रोचा कापडी पट्टा. आत सॅनिटरी पॅड बसतो. मादी असेल तर डायपर. याचा गुण असा की आजच्या आज सोफा वाचतो. दोष असा की कुत्रा त्यात काहीच शिकत नाही. पट्टा काढला की गाडी मूळ पदावर. शिवाय मुंबई-कोकणच्या दमट हवेत ओला पॅड दोन-तीन तास राहिला तरी पोटाखालची कातडी लाल होते, आणि लांब केसांच्या कुत्र्यात ते बाहेरून दिसतही नाही. रात्रभर बांधून ठेवायची ही वस्तू नव्हे. पाहुणे येणार आहेत, बहिणीकडे दोन दिवस राहायला जायचंय, नवीन सोफा आलाय, अशा वेळी ठीक. पॅड ओला निघाला तर तो कधी ओला झाला याकडे मात्र लक्ष द्या, कारण बेल वाजल्यावर, खिडकीखाली भटकी कुत्री भुंकल्यावर, की तुम्ही बाहेर पडल्यावर, हे कळलं तर निम्मा शोध लागला.

शिकवणी स्वस्त आहे आणि कंटाळवाणी आहे. काही आठवडे कुत्रा नजरेआड होऊ द्यायचा नाही. घरातही गळ्याला दोरी लावून तिचं टोक आपल्या कमरेला अडकवायचं; ते जमणार नसेल तेव्हा एका खोलीत किंवा त्याच्या पिंजऱ्यात. तंगडी वर जायच्या आधी तो हुंगतो, कडेने सरकतो. तेवढ्यात एक टाळी वाजवायची आणि सरळ खाली न्यायचं. बाहेर केली की तिथल्या तिथे खाऊ. वर आल्यावर दिलेला खाऊ लिफ्टमधून आल्याबद्दलचा ठरतो. नेहमीच्या जागी त्याचं जेवणाचं भांडं किंवा अंथरूण ठेवलं तर बरेचदा ती जागा आपोआप सुटते. तळमजल्यावर राहत असाल तर बाल्कनीच्या जाळीचा खालचा दीड-दोन फूट भाग झाकून टाका. गेटवरची कुत्री दिसणं थांबलं की काही घरांत अर्धी पिचकारी तिथेच थांबते.

या तिन्हींपैकी काहीही निवडा, जुना वास गेला नाही तर पैसे पाण्यात. आपल्याकडे इथेच घोळ होतो. लादी फिनाईलने पुसली की आपल्या नाकाला स्वच्छ वाटतं, पण कुत्र्याच्या नाकाला फिनाईलखालची लघवी तशीच येते. अमोनिया असलेलं क्लीनर तर त्याहून वाईट, कारण लघवीलाही तसाच वास. त्यात जे फडकं सोफ्याच्या पायाला लागलं तेच बादलीत पिळून पुढे स्वयंपाकघरात फिरतं. कामाला येणाऱ्या मावशींना या जागांसाठी वेगळं फडकं द्या, किंवा त्या जागा स्वतः करा. एन्झाइमवालं, म्हणजे लघवीतले वासाचे घटक मोडणारं, क्लीनर घ्या, भरपूर ओता, आणि बाटलीवर लिहिलंय तितका वेळ मुरू द्या. फवारून लगेच पुसलं तर साध्या पाण्यानेही तेवढंच झालं असतं. जुने डाग शोधायला अल्ट्राव्हायोलेट टॉर्च चांगली. अंधार करून फिरवली की अशा जागा दिसतात ज्यांची कल्पनाही नसते. आणि टॉर्च थोडी वरही मारा. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०१८ च्या निरीक्षणात छोटे नर मोठ्यांपेक्षा तंगडी जास्त कोनात उचलताना दिसले, म्हणजे त्यांची पिचकारी अंगाच्या मानाने उंच जाते. एवढंसं पॉम, पण डाग तुमच्या अंदाजाच्या वर.

माझं मत विचाराल तर: नसबंदी न झालेला धीट नर असेल तर ऑपरेशन आणि लगोलग वास काढणं, सोबत महिनाभर शिकवणी. नसबंदी आधीच झालेली असेल, किंवा मादी असेल, तर शिकवणीच. आणि नवीन बाळ, नवीन भाडेकरूचा कुत्रा, घराचं काम असं काय बदललं ते हुडका. मादीची नसबंदी झालेली नसेल तर माजाच्या आसपास मार्किंग वाढतं, तेव्हा तारखा लिहून ठेवा आणि माज ओसरल्यावर डॉक्टरांशी ऑपरेशनचं बोला. बेली बँड कपाटात एक असावा, पण उपाय म्हणून नको. सॉकेटमध्ये लावायचे फेरोमोन डिफ्यूझर, म्हणजे कुत्र्याला शांत करण्यासाठी गंध सोडणारी उपकरणं, मिळतात. त्यांच्याबद्दलचे निष्कर्ष उलटसुलट आहेत, म्हणून पैसे मोजून घ्यायचे असतील तर मी आधी एन्झाइमची दुसरी बाटली घेईन. हे सगळं नेटाने करूनही भित्रा कुत्रा थांबत नसेल तर फ्लुओक्सेटिनसारखी, भीती-चिंता कमी करणारी औषधं आहेत. ती फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, आणि तोवर शिकवणी चालूच ठेवायची.