हत्ती रंगवणारे, उभे करणारे, दुरुस्त करणारे: शेफिल्डच्या 'हर्ड'मागच्या माणसांच्या कामाचं परीक्षण

२०१६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात रंगवलेले ५८ मोठे हत्ती उभे राहिले. शाळांनी रंगवलेली छोटी पिल्लं वेगळी. उपक्रमाचं नाव 'हर्ड ऑफ शेफिल्ड' (शेफिल्डचा कळप), निधी शेफिल्ड चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या धर्मादाय संस्थेसाठी, आणि शेवटच्या लिलावात जमले चार लाख पौंडांहून जास्त. लोकांनी हत्तींसोबत फोटो काढले, नकाशा हातात घेऊन अख्खं शहर पालथं घातलं. हे सगळं ज्यांच्या जिवावर चाललं, त्यांच्या कामाची बारकाईने दखल घ्यायलाच हवी.

या कामाचा मुख्य कंत्राटदार म्हणजे 'वाइल्ड इन आर्ट' ही ब्रिटिश कंपनी. चार्ली लँगहॉर्न आणि सॅली-अॅन विल्किन्सन यांनी ती सुरू केली. २००८ मध्ये लिव्हरपूलमध्ये 'सुपरलॅमबनाना' (अर्धं कोकरू, अर्धं केळं असे पुतळे) आणि नॉरिचमध्ये हत्ती, असे तिचे पहिले मोठे उपक्रम झाले. कामाची वाटणी साधारण अशी असते: कंपनी प्राण्याचा साचा, कोरे पुतळे, करारमदार आणि अनुभव आणते; धर्मादाय संस्था प्रायोजक, शाळा आणि स्वयंसेवक जमवते; महापालिका जागा देते; चित्रकार रंगवतात. पहिल्या बैठकीपासून लिलावापर्यंत दीड-दोन वर्षं सहज जातात. वर्षभरात उरकू म्हणणाऱ्यांची पंचाईत प्रायोजक शोधण्यातच होते, कारण कंपन्यांची वर्षाची अंदाजपत्रकं तोवर ठरून गेलेली असतात.

प्राण्याची निवड या उपक्रमातली सगळ्यात चांगली गोष्ट. पहिल्या महायुद्धात घोडे लष्कराने नेले, तेव्हा टॉमी वॉर्ड यांच्या भंगाराच्या धंद्यात मालाच्या गाड्या ओढायला लिझी नावाची हत्तीण आणली होती. ती सेजविक यांच्या फिरत्या प्राणिसंग्रहालयातली. पोलादाच्या शहरात युद्धसामग्रीसाठी लागणारं भंगार तिने वाहिलं. त्यामुळे शेफिल्डकरांना हत्ती परका वाटायचं कारणच नव्हतं. कुठलाही गोंडस प्राणी आणून चौकात ठेवला की चालतं, असं मानणाऱ्या आयोजकांनी हे जरूर पाहावं. पुढे २०२१ मध्ये याच शहरात अस्वलं आली, तीही बोटॅनिकल गार्डनमध्ये पूर्वी अस्वलं ठेवत त्या जुन्या खड्ड्याची आठवण घेऊन.

हत्तीचा आकारही रंगकामाला सोयीचा. दोन्ही बाजूंना सलग, रुंद पृष्ठभाग, जाड पाय, गुरुत्वमध्य खाली. जिराफाच्या मानेवर चित्र बसवताना चित्रकार रडकुंडीला येतो, आणि सशाचे उभे कान वाऱ्याला आणि पोरांच्या हातांना आयतेच सापडतात. हत्तीत कच्च्या जागा तीनच: सोंडेचं टोक, कानाची कड आणि शेपूट. चांगला साचेवाला शेपूट अंगाला चिकटवूनच घडवतो आणि कानामागे मोकळी फट ठेवत नाही. फट राहिली की मूल तिथे बोटं घालून लोंबकळणार, हे ठरलेलं.

पुतळा फायबरग्लासचा. साच्याला आधी मेण, मग जेलकोटचा (बाहेरच्या गुळगुळीत रेझिनचा) थर, तो चिकट-कोरडा झाला की काचतंतूंची चटई आणि पॉलिस्टर रेझिन, थरावर थर. दोन अर्धुकं जोडून सांधा भरायचा, घासायचा आणि वर पांढरा प्रायमर मारायचा. बहुतेक भानगडी इथेच जन्माला येतात. रेझिनमध्ये हवेचे बुडबुडे राहिले तर वरून काही दिसत नाही. पण उन्हात पुतळा तापला की ती जागा फुगते आणि वरच्या चित्राला चीर जाते. म्हणून कोरा पुतळा ताब्यात घेताना चित्रकाराने नाण्याच्या कडेने अंगभर टकटक करून पाहावी. पोकळ, बद्द आवाज आला की तिथे खडूची खूण करून पुतळा परत द्यावा. रंगवून झाल्यावर तक्रार करण्यात काही अर्थ नसतो.

आता चित्रकार. आधी जाहीर आवाहन निघतं, चित्रकार प्राण्याच्या छापील रूपरेषेवर आराखडा पाठवतात, आयोजक चाळणी लावतात आणि उरलेल्यांतून प्रायोजक आपल्याला आवडेल तो निवडतात. या टप्प्यावर आमचा आक्षेप आहे. पैसे देणारा निवडतो म्हटल्यावर शहराचं क्षितिज, फुलांची नक्षी, पक्षी-फुलपाखरं अशा बिनधोक आराखड्यांची चलती होते आणि धाडसी कामं चाळणीतच राहतात. काही पुतळे आयोजकांनी स्वतःच्या निवडीसाठी राखून ठेवले, तर शहरभर मांडलेल्या पुतळ्यांच्या पूर्ण मार्गाचा दर्जा वर जाईल.

कागदावरचं चित्र गोल पोटावर उतरवणं हे वेगळंच कसब आहे. सरळ रेषा पोटावर वाकते, चौकटीची नक्षी खांद्यापाशी फाटते. जाणकार चित्रकार आधी पेन्सिलीने पाठीच्या कण्यावरून एक मध्यरेषा आणि दोन्ही कुशींवर आडव्या रेषा आखतो आणि मग नक्षी त्या जाळीत बसवतो. पांढरा प्रायमर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासायचा, धूळ ओल्या फडक्याने पुसायची आणि हाताचा तेलकटपणा लागू द्यायचा नाही. रंग बाहेरच्या कामाचे अॅक्रिलिक, पातळ हात, प्रत्येक हातानंतर पूर्ण वाळवण. एकदम जाड थर दिला तर वरून कोरडा, आतून ओला राहतो. मग वार्निश चढलं की आतली ओल अडकते आणि गडद रंगांवर दुधट डाग उठतात.

पेंट मार्करने काढलेल्या बारीक रेघांचा धोका याहून मोठा. मार्करची शाई कधीकधी वार्निशच्या द्रावकात विरघळते आणि आठवडाभराची रेखाटणं काही सेकंदांत ओघळतात. उपाय सोपा आहे, तरी तो टाळला जातो: पोटाखाली, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, सगळ्या मार्करांच्या दोन-दोन रेघा ओढायच्या, पूर्ण वाळू द्यायच्या आणि त्यावर प्रत्यक्ष वापरायचंच वार्निश मारून पाहायचं. फ्लुरोसंट गुलाबी आणि नारिंगी तर टाळलेलेच बरे. उन्हात तेच सर्वांत आधी उडतात.

डोळे शेवटी. गणपतीच्या कारखान्यात आखणीचं काम ज्या हाताकडे देतात तसाच हात इथेही लागतो. बुबुळ थोडं वर सरकलं की हत्ती दचकलेला दिसतो. आणि चित्राचा तपशील मुलांच्या उंचीला हवा. सोंडेची खालची बाजू, पोट, पायांची आतली बाजू मोठ्यांना दिसत नाही. चार वर्षांच्या मुलाला तीच आधी दिसते. तिथे एकसारखा सपाट रंग फासलेला असेल तर घाईने आटोपलेलं काम म्हणून खुशाल गुण कापावेत.

शेवटचं आवरण मोटारींना मारतात तसं दोन घटकांचं पॉलियुरेथेन लॅकर असतं, अतिनील किरण रोखणारं. ते हवा बाहेर खेचणाऱ्या फवारणीच्या खोलीत, श्वसनसंरक्षक उपकरणं लावून, फवाऱ्यानेच मारायचं असतं. त्यातला आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असल्यामुळे घरच्या गॅरेजात हे करू नये. हे काम अनुभवी फवारणीवाल्याकडेच द्यायला हवं, त्यात तडजोड नको.

पुतळे बसवणाऱ्या मंडळींचं काम भल्या पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत. हत्ती स्वतः पोकळ आणि हलका. त्याला जागेवर धरतो तो खालचा काँक्रीटचा ठोकळा. त्यामुळे फूटपाथ खोदावा लागत नाही. क्रेनवाल्या ट्रकने उतरवायचं, पातळी पाहायची, बोल्ट आवळायचे आणि वर टोप्या बसवायच्या. जागा निवडताना व्हीलचेअर आणि बाबागाडी आरामात जाईल इतकी वाट मोकळी हवी, अंधांसाठीच्या उंचवट्यांच्या फरश्या अडता कामा नयेत आणि फोटो काढणाऱ्यांची गर्दी रस्त्यावर सांडू नये. शेफिल्ड टेकड्यांवर वसलेलं शहर. अशा ठिकाणी नकाशावर दोन ठिपके जवळ दिसतात आणि मध्ये चढ असा असतो की आजी-आजोबा तिथेच थांबतात. टेकड्यांच्या शहरात मार्ग आखणाऱ्याने अंतरासोबत चढही छापावा आणि ट्रामच्या थांब्यांभोवती पुतळ्यांचे गट करावेत.

सर्वांत मोठी दाद द्यायची ती दुरुस्ती पथकाला. असा मार्ग उभा राहिला की पहिल्याच आठवड्यात ओरखडे पडतात, बुटांच्या टाचांनी पाठ घासली जाते, शनिवारी रात्री कुणीतरी कान मोडतं. नियम असा की मोडलेला पुतळा तसाच दिसत राहू द्यायचा नाही. एकावर खरवडलेलं दिसलं की शेजारच्यावरही हात उठतो. छोटं काम जागेवर: घासणं, रंग जुळवणं, ब्रशने वार्निश. तडा गेला तर पुतळा उचलून आतून चटई आणि रेझिनचा ठिगळ लावावा लागतो. रंग जुळायला हवा असेल तर चित्रकाराने प्रत्येक मिश्रणाची छोटी बाटली, वर जागेचं नाव लिहून, आयोजकांकडे ठेवायलाच हवी. हे करारातच लिहिलेलं असावं.

पैशांबाबत स्पष्ट बोलायला हवं. चित्रकाराला ठरलेलं एकरकमी मानधन मिळतं आणि बहुधा रंगांचा खर्चही त्यातूनच होतो. लिलावात हत्तीला हजारो पौंड आले तरी ते संस्थेला जातात. रुग्णालयासाठी म्हणून चित्रकार ते आनंदाने स्वीकारतात, पण मानधन निदान कामाच्या तासांना न्याय देणारं असावं. पुतळ्याखालच्या पाटीवर प्रायोजकाचं आणि चित्रकाराचं नाव येतं. साचा घडवणारे, फवारणी करणारे आणि दुरुस्ती करणारे यांची नावं नकाशाच्या मागच्या बाजूला छापायला किती जागा लागते? ती छापावीत, ही आमची आग्रहाची मागणी आहे.

रंगवलेले हत्ती आपल्याकडेही येऊन गेले आहेत. २०१८ मध्ये 'एलिफंट फॅमिली' या संस्थेच्या पुढाकाराने 'एलिफंट परेड'चे हत्ती मुंबईत मांडले होते, हत्तींच्या जाण्या-येण्याच्या मार्गांकडे लक्ष वेधण्यासाठी. आपल्या हवेत असा उपक्रम करायचा तर डिसेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस धरावेत. पावसाळ्यातल्या दमट हवेत लॅकर नीट बसत नाही आणि एप्रिल-मेच्या उन्हात गडद रंगाचा फायबर इतका तापतो की लहान मुलाचा हात पोळेल. भर उन्हातल्या जागांसाठी फिके रंग मागून घ्यावेत.

ब्रिटनमधल्या मराठी मंडळींसाठी: असे मार्ग बहुतेक उन्हाळ्याच्या सुट्टीत, आठ-दहा आठवडे असतात. मुलांना घेऊन जायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी निघा आणि एका दिवसात बारा-पंधरा पुतळ्यांच्या वर जाऊ नका. उपक्रमाच्या फोनवरच्या अॅपमध्ये पुतळा 'गोळा' करण्यासाठी जवळ जावं लागतं, त्यामुळे फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. पॉवर बँक आणि छापील नकाशा दोन्ही ठेवा. शेवटी सगळे पुतळे एका छताखाली आणून निरोपाचं प्रदर्शन भरतं, त्याची तिकिटं लवकर काढा. तिथे पुतळ्यांभोवती चारही बाजूंनी फिरता येतं. खाली वाकून पोटाकडेही बघा.