गूगल बिझनेस प्रोफाइल, १४ महिने वापरून: बोळातल्या दुकानाचा अनुभव

सांगलीत हरभट रोडच्या मागच्या एका बोळात आमचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. बोर्ड रस्त्यावरून दिसत नाही. वडिलांच्या काळात त्यानं काही अडलं नाही, गावातले टेलर त्यांना नावानं ओळखायचे. आता मोटरवाली मशीन घरोघरी आहे, पण त्या घरातल्या बाईला आमचा बोळ माहीत नाही. मशीन अडली की ती मोबाइल काढते. म्हणून गेल्या वर्षी पुतण्यानं गूगल बिझनेस प्रोफाइल काढून दिलं, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दुकानाची माहिती दाखवणारं पान. (पूर्वी यालाच गूगल माय बिझनेस म्हणायचे, नोव्हेंबर २०२१ मध्ये नाव बदललं.) पैसे शून्य. डोक्याला ताप मात्र भरपूर झाला, आणि त्यातला बराचसा मीच करून घेतला.

सुरुवातच बघा. धंद्याचा प्रकार निवडताना यादीत 'टेलर' दिसलं, दिलं ठोकून. पुढचे पंधरा दिवस फोन वाजतोय आणि मी खुशीत. "दादा, अस्तरासकट ब्लाउजचे किती घेता?" "फॉल-पिको आज संध्याकाळपर्यंत मिळेल का?" शेवटी पुतण्या म्हणाला, "काका, शिलाई मशीन दुरुस्ती असा वेगळा प्रकारच आहे की यात." होता! मुख्य प्रकार एकच ठेवता येतो, जोडीला आणखी नऊपर्यंत. आम्ही जोडीला फक्त शिलाई मशीन विक्रीचा प्रकार घेतला, कारण सुया, बॉबीन, पट्टे आम्ही विकतो. हळूहळू फोनचा सूर बदलला. "मशीन टाके सोडतेय", "खालचा दोरा गुंततोय". हे आमचं काम.

माहितीच्या रकान्यात मी मोठ्या हौसेनं 'शिवणयंत्र' लिहिलं होतं. प्रोफाइलमध्ये लोक काय शोधून आपल्यापर्यंत आले ते दिसतं, तिथं शिवणयंत्र एकदाही नाही. लोक 'सिलाई मशीन रिपेअर' शोधतात, तेही बहुतेक इंग्रजी अक्षरांत.

दुकान खरंच आहे का याच्या पडताळणीसाठी गूगलनं व्हिडिओ मागितला. बोळाच्या तोंडापासून सुरू करून बोर्ड, कुलूप उघडून शटर वर, आत कामाचं टेबल आणि हत्यारं, सगळं एका दमात, मध्ये न तोडता. तिसऱ्या प्रयत्नाला जमलं, कारण दोनदा शेजारचे काका मध्येच येऊन "काय शूटिंग चाललंय?" म्हणाले. नकाशावरची खूण मी घाईत मुख्य रस्त्यावर टाकली होती. गिऱ्हाईक डोक्यावर मशीन घेऊन मिठाईच्या दुकानात शिरायचं. मिठाईवाल्यानं एकदा वैतागून स्वतः फोन केला, तेव्हा खूण ओढून बोळात आणली.

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे वर दिसणं. दुकानात बसून शोधलं की आम्हीच पहिले. मी महिनाभर त्यावर फुशारकी मारली. मग मिरजेच्या मेहुणीला शोधायला सांगितलं, तर आमचा पत्ताच नाही. विश्रामबागेतून एकदा दिसलो, एकदा नाही. गूगल स्वतःच सांगतं की तीन गोष्टी बघतात: शोधाशी जुळणं, अंतर, आणि दुकान किती नावाजलेलं आहे. अंतर आपल्या हातात नाही. नकाशाखाली सुरुवातीला दिसतात ती दुकानं तीन, आणि मिरजेतल्या बाईला मिरजेतलीच आधी दिसणार. त्यामुळे आपला नंबर कितवा हे बघायचं असेल तर दुकानात बसून बघू नका.

हे कळण्याआधी मी एका एजन्सीला सहा हजार देऊन बसलो होतो. "तीन महिन्यांत पहिला नंबर, गॅरंटी." अशा गॅरंटीला अर्थ नाही, कारण या यादीत वरची जागा गूगल पैसे घेऊन विकत नाही. जाहिरात देता येते, पण ती वेगळी आणि ती जाहिरात म्हणूनच दिसते. दोन दिवसांत वीस अभिप्राय आले, सगळे पाच तारे, एकात तर 'फूड व्हेरी टेस्टी'. पुढच्या आठवड्यात ते गायब. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी दुकानाच्या नावापुढे 'बेस्ट सिलाई मशीन रिपेअर सांगली मिरज' अशी शेपटी जोडली. बोर्डावर असतं तेच नाव द्यायचं हा साधा नियम. प्रोफाइल निलंबित झालं, तेही जूनमध्ये, गणवेशाच्या घाईत. प्रोफाइलची चावी एजन्सीच्या हातात मीच दिली होती, त्यामुळे ओरडायचं कुणावर?

अपील करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. अर्ज सुरू केला की कागद चढवायला ६० मिनिटंच मिळतात. म्हणून कागद आधी जमवा. आमचं लाइट बिल अजून वडिलांच्या नावावर, ते काय कामाचं? शॉप अ‍ॅक्टची पावती, उद्यम प्रमाणपत्र आणि बोर्डाचा फोटो दिला. नाव आधी सरळ केलं होतं. नऊ दिवसांनी परत दिसायला लागलो.

अभिप्राय आता स्वतःच मागतो. प्रोफाइलमधून अभिप्राय लिहायचा क्यूआर निघतो, तो कामाच्या टेबलावर चिकटवलाय. बदल्यात सूट द्यायची नाही, ते नियमात बसत नाही. गंमत अशी की आमच्या गिऱ्हाईक बायका, पण फोनमधलं खातं नवऱ्याचं किंवा मुलाचं. त्यामुळे एखाद्या पुरुषाच्या नावानं येतं, "माझ्या मशीनचं शटल बदललं, आता जीन्सपण शिवते." असं काम सांगणारं वाक्य 'गुड सर्व्हिस'पेक्षा कामाचं. कुणी तसलंच काही शोधलं तर कधी कधी ती ओळच दुकानाच्या नावाखाली दिसते. मी आता सांगतो, ताई, काय बिघडलं होतं तेवढं लिहा.

एक ताऱ्याचा अभिप्राय एकच आहे. अनंत चतुर्दशीला दुकान बंद होतं आणि मी सणाची वेळ बदलली नव्हती. तासगावहून आलेला माणूस शटर बघून परत गेला. माफी मागितली, उत्तर लिहिलं, पण तो तारा तसाच आहे. आता सण आला की आदल्या आठवड्यात वेळ बदलतो. महिन्यातून एकदा सगळी माहिती तपासतोही, कारण बदल कुणीही सुचवू शकतं.

यावरच दुकान टांगू नका. पूर्वी यात एक पानी वेबसाइट फुकट मिळायची, ती मार्च २०२४ मध्ये बंद झाली. जुलै २०२४ अखेर प्रोफाइलमधून गिऱ्हाइकाशी करायचं चॅटही गेलं. नंबर आणि गिऱ्हाइकांची वही आपली आपल्याकडे हवी. माझ्या वहीत नवीन गिऱ्हाइकापुढे 'मॅप' किंवा 'ओळख' लिहितो. घरगुती मशिनींना 'मॅप' जास्त आहे. टेलर आणि ओव्हरलॉकवाले सगळे अजून 'ओळख'.

ब्लाउजचे फोन अजून महिन्याला एक-दोन येतात. ते मी वरच्या मजल्यावरच्या टेलरकाकूंकडे पाठवतो. त्यांची मशीन गेल्या महिन्यात फुकट ऑइल करून दिली, तर त्यांनी दोन झग्यांची ऑर्डर माझ्यामुळे मिळाली म्हणून चिवड्याचा डबा पाठवला.